गिअरबॉक्सलाही ताप येतो

शर्यतीच्या गाडीचा विषय निघाला, की सारे इंजिनाचं कौतुक करतात. माझा जीव मात्र गिअरबॉक्समध्ये अडकलेला! चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. तिथल्या उन्हात फेऱ्यांमागून फेऱ्या मारताना गिअर ऑइल तापतं, पातळ होतं. त्याचा थर तुटला, की गिअरचे दात झिजतात. मग सर्वांत जहाल तेल घालावं? जीएल-५ तेलात गंधक-फॉस्फरस जास्त. ते दातांना जपतं, पण पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतं. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल, तर तेच घाला. आधी तापमापक बसवा; काटा चढतच राहिला, तर पंप आणि कूलर. औषधाआधी ताप मोजावा, हे घरातल्या आईला का सांगायला हवं?