नकाशावरचा हिरवा रस्ता आणि पायी चालणारा माणूस

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचा वाटसरू आज रस्ता विचारायला टपरीपाशी थांबत नाही. तो मोबाईलचा नकाशा उघडतो. उमरग्याजवळ रेघ हिरवी दिसली की गाडीवाला खूश, लाल दिसली की कपाळाला आठी. हिरवा रस्ता चांगला, लाल रस्ता वाईट, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे : चांगला, पण कोणासाठी?

हा रंग येतो कुठून, ते आधी समजून घेऊ. चालू मोबाईल जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवून असतो. माणूस पुढे सरकला की फोन एका टॉवरकडून दुसऱ्या टॉवरकडे जातो. त्यातले अंतर आणि लागलेला वेळ यांवरून वेगाचा अंदाज बांधता येतो. स्मार्टफोन असेल तर उपग्रहांच्या मदतीने त्याची जागा काही मीटरपर्यंत कळते. अशा असंख्य फोनचे वेग एकत्र केले की रस्त्याचा रंग ठरतो. म्हणजे हे यंत्र रस्ता पाहत नाही, माणूस तर नाहीच नाही. ते फक्त फोन पाहते.

२०२० साली बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलावंताचा एक प्रयोग जगभर गाजला. ९९ जुने स्मार्टफोन एका हातगाडीत घालून तो रस्त्याने सावकाश चालत गेला. रस्ता मोकळा होता, पण गुगलच्या नकाशावर तो लाल झाला. लोक हसले. आम्हाला मात्र याची दुसरी बाजू दिसते. हातगाडीतले ९९ फोन म्हणजे वाहतूक कोंडी, आणि हातात खुरपे घेऊन महामार्गाच्या कडेने कामाला निघालेल्या, फोन नसलेल्या वीस बाया म्हणजे रिकामा रस्ता! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील ५३.९ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. साधा बटणांचा फोन जवळ असला तरी खेड्यात एक टॉवर मोठा पट्टा सांभाळतो. त्या फोनची मालकीण रस्त्यावर आहे की शेजारच्या शिवारात, हे टॉवरला नीट कळत नाही.

उमरगा तालुक्यात येणेगूर, दाळिंब, जकेकूर, तुरोरी, तलमोड ही गावे याच महामार्गावर आहेत. महामार्गाकाठच्या गावात वस्ती एका अंगाला आणि शेत, शाळा किंवा एसटीचा थांबा दुसऱ्या अंगाला, हे नेहमीचेच. रस्ता ओलांडणे हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. नकाशावर रेघ हिरवी असते तेव्हा गाड्या सुसाट असतात, आणि नेमक्या त्याच वेळी म्हातारी माणसे व दप्तरवाली पोरे जीव मुठीत धरून कडेला उभी असतात. गाडीवाल्याचा हिरवा तो पायी चालणाऱ्याचा लाल. हा दुसरा रंग नकाशात नाहीच.

हा भावनेचा विषय नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाचांत जवळपास एक.

डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने रिलायन्स जिओशी करार केला. धोक्याची जागा जवळ आली की प्रवाशाच्या मोबाईलवर सूचना यावी, अशी ही योजना. अपघातप्रवण पट्टे, मोकाट जनावरे, धुके, वळवलेला रस्ता यांची सूचना मिळेल, असे जाहीर झाले. सोय चांगली आहे. आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. पण ज्या यादीत मोकाट जनावराची दखल आहे, तिच्यात रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा वेगळा उल्लेख आमच्या वाचनात आला नाही.

कोणी म्हणेल, मग प्रत्येकाच्या हाती स्मार्टफोन द्या आणि त्याचे प्रत्येक पाऊल नोंदवा. आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मोजणी वेगळी आणि पाळत वेगळी. जो फोन वाहतूक सांगतो, तोच फोन कोण मोर्चाला गेले, कोण कोणाच्या घरी थांबले, हेही सांगू शकतो. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने फ्रँक वायटस खटल्यात जामिनाची एक अट रद्द केली. आरोपीने गुगल नकाशावर आपली जागा तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी, अशी ती अट होती. आरोपीलाही खासगीपणाचा हक्क आहे, तर निरपराध वाटसरूला किती असेल? आणि १४ मे २०२५ रोजी याच दोन न्यायमूर्तींनी सांगितले की, पायी चालणाऱ्याला विनाअडथळा पदपथ मिळणे हा अनुच्छेद २१ खालील हक्क आहे. दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. पायी चालणाऱ्याला जागा द्या, पण त्याचा माग काढू नका.

आमच्या समाजाला रस्त्याची किंमत शिकवायला नको. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव यांच्याबरोबर ‘रस्ते’ हा शब्द उगाच आलेला नाही. रस्त्यावर चालण्याचा हक्क मिळाला. पण चालणारा हिशेबातच नसेल तर भुयारी मार्ग, पादचारी पूल, गतिरोधक त्याच्या वाट्याला येणार कसे?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मोबाईलचा डेटा वापरायचा तर नाव-नंबर काढून, एकत्रित स्वरूपात वापरा, आणि त्यातून निघालेले आकडे ग्रामपंचायतींनाही द्या. केवळ त्या आकड्यांवर कोणत्याही गावाचा भुयारी मार्ग नाकारू नका. प्रत्यक्ष जागेवर, बाजारच्या दिवशी आणि सुगीच्या दिवसांत, रस्ता ओलांडणारी माणसे मोजा.

सरकार मोजेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. महामार्गाकाठच्या प्रत्येक गावात चार शिकलेल्या पोरापोरींनी वही-पेन घेऊन सकाळी सात ते संध्याकाळी सात उभे राहावे आणि किती जणांनी रस्ता ओलांडला ते लिहावे. ती वही ग्रामसभेत ठेवावी, ठराव करावा आणि तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवून पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच.