जयकरांचे दोन आणे

मुकुंद रामराव जयकर म्हटले की बॅरिस्टर, पुढारी आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आठवतात. ट्रकवाल्याच्या कराशी त्यांचे नाव सहसा कुणी जोडत नाही. पण १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते. मोटारी वाढत होत्या आणि रस्त्यांचा खर्च स्थानिक संस्थांना व प्रांतांना पेलवेनासा झाला होता. समितीने सुचवले, की पेट्रोलवर जादा कर घ्या, पण तो रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा. मार्च १९२९ पासून गॅलनमागे २ आणे जादा घेतले जाऊ लागले व रस्ते निधी उभा राहिला. मला हा कर कमी आणि करार जास्त वाटतो.

त्या कराराचा दुसरा भाग २०१८ मध्ये सैल झाला. निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ आल्या. पाणीपुरवठा, शाळा, रुग्णालये यांनाही त्यात वाटा मिळाला. या गरजा खऱ्याच आहेत. पण त्याच वर्षी डिझेलवरचा उपकर लीटरमागे ८ रुपये झाला, आणि रस्त्यासाठी म्हणून ट्रकवाला टोल निराळा भरतोच. शिवाय राज्याचा वाहनकर, नॅशनल परमिटचे वार्षिक शुल्क. डिझेल जीएसटीबाहेर असल्याने त्यावरच्या कराची वजावटही मिळत नाही.

मग ट्रकवाला नाडला जातो, एवढेच म्हणून थांबावे का? नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते, असे त्यातून निघाले. आपल्याकडे २०१८ मध्येच चार चाकी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार पावणेतेरा टक्के वाढला. त्या हिशेबाने झीज साठ टक्क्यांहून अधिक वाढते. डिझेल काही तेवढे जास्त लागत नाही. म्हणजे इंधनावरचा कर ही झीज पकडतच नाही, आणि जादा माल भरणाऱ्याचा बोजा नियमाने चालणाऱ्या एकट्या-दुकट्या ट्रकमालकावर पडतो.

न्यूझीलंडने १९७८ पासून डिझेल वाहनांना वजन आणि अंतर यांवर आकार लावला. अवजड वाहनांच्या चाकालाच अंतर मोजणारे यंत्र असते. आपल्या टोलनाक्यावर दर ठरतो तो वाहनाच्या प्रकारावर. परतीचे भाडे न मिळाल्याने रिकामा निघालेला ट्रक आणि मर्यादेपर्यंत भरलेला ट्रक एकाच रांगेत सारखाच टोल भरतात.