बिनकागदाची नाव

जालना जिल्ह्यास समुद्र नाहीं. तेव्हां तेथील एखाद्या गृहस्थानें नाव विकत घेण्याचा विचार करावा, हें प्रथमदर्शनीं नवलाचें वाटेल. परंतु अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांच्या दक्षिण अंगानें गोदावरी वाहते. वरच्या बाजूस, १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर पसरला आहे. आणि २०२५ च्या सप्टेंबरांत गोदेस पूर आला तेव्हां कांठच्या गांवांस पाण्याचा वेढा कसा पडतो, हें सर्वांनींच पाहिलें. अशा प्रसंगीं दाराशीं एखादी होडी असावी, किंवा घरांतील तरुण मंडळींस सुटीच्या दिवसांत पाण्यावर फिरतां यावें, अशी इच्छा कोणास झाली तर तींत वावगें कांहीं नाहीं. वावगा आहे तो ती पुरी करण्याचा एक मार्ग. कोणी ओळखीचा मनुष्य भेटतो. परदेशी बनावटीची होडी, यंत्रासकट, बाजाराच्या निम्म्या किंमतींत देऊं करतो. पैसे मात्र रोख हवे असतात, आणि कागदांचें ‘मागाहून पाहूं’ असें आश्वासन मिळतें. या ‘मागाहून’ शब्दांत काय काय सांठविलेलें असतें, त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

घराची मालकी शेजारीपाजारी सांगूं शकतात. शेताच्या बांधास चतुःसीमा असतात. नाव आज या तीरास तर उद्यां त्या तीरास. तिचा साक्षीदार एकच, तो म्हणजे कागद. ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभीं सरखेल कान्होजी आंग्रे यांचें दस्तक घेतल्यावांचून कोंकण किनाऱ्यानें व्यापारी गलबतास निर्वेधपणें जातां येत नसे. इंग्रजांशीं त्यांचा जो तंटा जुंपला, त्याचें एक कारण हेंच कीं, एतद्देशीय व्यापाऱ्यांचीं गलबतें कंपनीच्या निशाणाखालीं फिरत व गलबत खरें कोणाचें, हा वाद उपस्थित होई.

आतां स्वस्ताईचें मूळ पाहूं. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडानौकांवर ४० टक्के वस्तु व सेवा कर बसला; परदेशांतून आणल्यास सीमाशुल्क निराळें. शिवाय, भांडवली माल वगळतां इतर जुना माल सरकारी परवानगीवांचून परदेशांतून आणतां येत नाहीं. हीं कुंपणें चुकवून आलेली नाव स्वस्त पडावी, यांत आश्चर्य तें काय? परंतु चुकविलेला कर नाहींसा होत नाहीं. तो नावेबरोबरच घेणाराच्या दारीं येतो. सीमाशुल्काच्या १९६२ च्या कायद्याप्रमाणें गैरमार्गानें आणलेला माल, तो कोणाच्याहि हातीं असला तरी, जप्तीस पात्र असतो. आणि असा माल आहे हें जाणून, किंवा तसें मानण्यास कारण असतां, जो विकत घेतो, तोहि दंडास पात्र होतो. निम्म्या किंमतींत, पावतीशिवाय मिळालेली वस्तु पाहून ‘मला संशयच आला नाहीं’ असें म्हणणाराचें म्हणणें कोण ऐकून घेईल?

दुसरा धोका विकणाराच्या हक्काचा. स्वतःपाशीं नसलेला हक्क विकणारास दुसऱ्यास देतां येत नाहीं, हें तत्त्व मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यांत आहे. नाव चोरीची असेल, तर मूळ मालक आल्यावर नावहि जाते आणि पैसेहि जातात. गोदेच्या पात्रांत चोरटी वाळू उपसणाऱ्या बोटींवर महसूल खात्याच्या धाडी पडतात. तशा कामांत वापरलेली बोट रंग देऊन विकावयास आली, तर नव्या मालकास तिचा पूर्वेतिहास कसा कळणार? समुद्रांत चालणाऱ्या नावेची गोष्ट याहून अवघड आहे. २०१७ च्या नौकाविषयक कायद्याप्रमाणें खलाशांच्या थकलेल्या पगारासारखीं देणीं नावेवरच बोजा म्हणून राहतात व मालक बदलला तरी सुटत नाहींत. सामान्यतः ती मुदत एक वर्षाची, आणि पगाराच्या बाबतींत दोन वर्षांची आहे. विजय मल्ल्या यांची ‘इंडियन एम्प्रेस’ ही नौका २०१८ सालीं माल्टा येथें अशाच थकलेल्या पगारापायीं अडकविली गेली व पुढें लिलावांत निघाली. कोंकणांतील आप्तांबरोबर भागीनें नाव घेऊं इच्छिणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

येथवर प्रश्न पैशाचा झाला. तिसरा धोका जिवाचा आहे. गुजरातेंत अलंगच्या किनाऱ्यावर जुनीं जहाजें फोडतात, आणि त्यांवरील जीवरक्षक होड्याहि विकावयास निघतात. जालन्याच्या पोलाद-कारखानदारांस भंगार म्हणजे काय, हें सांगावयास नको. भंगारांतील लोखंड वितळून नवें होतें. भंगारांतील होडी मात्र नुसता रंग लावून पाण्यांत उतरते. ती किती माणसें पेलील, हें विकणाराच्या तोंडावरून कळत नाहीं. त्यासाठीं जाणकाराची पाहणी लागते. २१ मे २०२४ रोजीं उजनी जलाशयांत कुगांवहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यांत उलटली व सहा जण बुडाले. धरणाचें पाणी म्हणजे घरचें तळें नव्हे, एवढें तरी त्यावरून समजावें. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यानें यंत्रावर चालणाऱ्या नावेस पाहणीचा दाखला, नोंदणी व विमा हीं आवश्यक ठरविलीं, तीं उतारूंच्याच हितासाठीं.

कागद नुसता अडवीत नाहीं, तो सोडवितोहि. १८ ऑगस्ट २०२२ रोजीं रायगड जिल्ह्यांत हरिहरेश्वरच्या किनाऱ्यास ‘लेडी हान’ नांवाची निर्मनुष्य नौका लागली. तींत तीन एके-४७ बंदुका सांपडल्या. त्याच श्रीवर्धन तालुक्यांत शेखाडी येथें १९९३ च्या फेब्रुवारींत स्फोटकें उतरलीं होतीं; त्यामुळें केवढा हलकल्लोळ उडाला असेल, याची कल्पना करावी. परंतु नौकेची मालकी ऑस्ट्रेलियन बाईची, प्रवास मस्कतहून युरोपकडे, यंत्र बिघडल्यामुळें खलाशी दुसऱ्या जहाजानें वांचविले, इतकी हकीकत त्याच दिवशीं विधानसभेंत सांगतां आली. तीच नौका बिननोंदीची असती, तर संशय किती दिवस कोणाकोणाच्या दारीं फिरला असता?

तेव्हां ज्यास नाव घ्यावयाचीच आहे, त्यानें विकणाराच्याच नांवची नोंदणी, पाहणीचा दाखला व विमा आधीं पाहावा. सांगाड्यावरील व यंत्रावरील क्रमांक कागदाशीं स्वतः ताडून घ्यावे. नाव एकाची आणि यंत्र दुसऱ्याचें, असेंहि घडूं शकतें. परदेशी मालाचें ‘बिल ऑफ एंट्री’ व शुल्क भरल्याची पावती मागावी. शंका असल्यास महाराष्ट्र सागरी मंडळाकडे विचारणा करावी. पैसे बँकेमार्फतच द्यावे, आणि नोंद आपल्या नांवें झाल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊं नये. हेतु पुरापासून रक्षणाचा असेल, तर एकट्या घरानें होडी घेण्यापेक्षां ग्रामपंचायतीमार्फत जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाकडे मागणी करणें अधिक श्रेयस्कर. पुराच्या ओघांत होडी हांकणें हें हौशी माणसाचें काम नव्हे.

एकत्र कुटुंबांत तर ही सावधगिरी दुप्पट हवी. रोख दिलेली रक्कम चार भावांच्या समाईक तिजोरींतून जाते. जप्ती झाली तर हिशेब कोणास विचारावयाचा? एकाच्या हौसेचा दंड सर्वांनीं भरावा, यासारखें घरांतील प्रेमास विष दुसरें नाहीं. म्हणून व्यवहारापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं व तरुणांनीं एकत्र बसून ते कागद वाचावे. होडी एक पावसाळा उशिरा आली तरी चालेल. कागद मात्र तिच्या आधीं घरांत आला पाहिजे.