गावाला धीर देणाऱ्या आशाताईंनी मन कुठं मोकळं करायचं? मदतीचा नंबर आहे १४४१६

गावात कुणाला दिवस गेले की पहिली नोंद आशाताईकडं होते. बाळाचं लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, घरोघरचा सर्व्हे, आयुष्मान कार्ड, सगळीकडं तीच पळते. साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा, असा नियम आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा सन्मान केला. पण त्यांना मिळतो तो पगार नाही, कामानुसार मोबदला, आणि त्याची वाट बघावी लागते ती वेगळीच.

त्यात मोबाईल आला. दिवसभर फिरायचं आणि रात्री ऑनलाईन माहिती भरायची. ग्रुपवर ‘आजच पाठवा’ असा मेसेज. एखाद्या घरात बाळ दगावलं, तर त्या घरचं दुःख आणि वरची विचारपूस, दोन्ही तिच्याच अंगावर. सिस्टर, गटप्रवर्तक, उपकेंद्रातले कर्मचारी यांचंही असंच. दुसऱ्याला धीर देणारी ही माणसं स्वतःचं टेन्शन कुणाला सांगत नाहीत. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? ताण वाढवणाऱ्या याच मोबाईलचा ताण कमी करायला कसा उपयोग होतो, ते समजून घेऊ.

१४४१६ म्हणजे काय?

‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचं मुख्य केंद्र आहे. नंबर १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९-१४४१६. सेवा २४ तास चालू असते. इंटरनेट लागत नाही, साध्या फोनवरूनही लागतो.

फोन लावल्यावर भाषा निवडायची. मराठीत बोलता येतं. पलीकडं प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक असतो. तो ऐकून घेतो, काय करता येईल ते सांगतो. गरज वाटली तर मानसोपचार तज्ज्ञाशी किंवा जिल्ह्यातल्या सेवेशी जोडून देतो. बोलायचं कसं, हा विचार करत बसू नये. ‘मी आशा आहे, झोप लागत नाही, कामावर जायचं म्हटलं की छातीत धडधडतं’ एवढं सांगितलं तरी पुरे. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेली-मानसचं ॲपही आलं आहे.

फोन कधी करायचा?

दमणं वेगळं. दोन दिवस विश्रांती मिळाली की ते जातं. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, सारखं रडू येतं किंवा घरच्यांवर चिडचिड होते, तर थांबू नये. मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी फोन करावा आणि घरातलं विश्वासाचं माणूस जवळ बसवावं.

वरच्यांना कळलं तर?

ही भीती बऱ्याच जणींना असते. टेली-मानसला केलेल्या फोनची माहिती गोपनीय ठेवली जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्कच दिला आहे. मात्र मनातलं दुखणं कामाच्या ग्रुपवर लिहू नये. घरात फोन चार जण हाताळत असतील तर कॉल झाल्यावर यादीतून नंबर काढून टाकावा. ‘टेन्शन घालवा’ म्हणत कॉन्टॅक्ट, फोटो किंवा पैसे मागणारं अनोळखी ॲप घेऊ नये.

रात्रीची झोप वाचवायची सोय

व्हॉट्सॲपचा ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करता येतो. मेसेज जात नाहीत, फक्त आवाज येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतं. त्यात निवडलेल्या माणसांचेच फोन वाजतात. पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायची सोयही बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. ती चालू ठेवावी आणि गावाला सांगून ठेवावं, ‘अडचण असेल तर लागोपाठ दोनदा लावा.’

गावानं काय करायचं?

कार्ड कधी येणार, हे विचारायला रात्री दहाला फोन करू नये. कळा सुरू झाल्या किंवा अपघात झाला तर आधी १०८ ला फोन लावावा. गरोदर माता आणि नवजात बाळासाठी १०२ आहे. मग आशाताईला कळवावं. घरच्यांनीही तिला निवांत बोलायला अर्धा तास द्यावा. सासूसमोर, नवऱ्यासमोर कुणी मन मोकळं करत नाही.

फोननं मोबदला वेळेवर येणार नाही, की कामाचा बोजा हलका होणार नाही. तो प्रश्न शासनानं सोडवायचा आहे आणि त्यासाठी आशा रस्त्यावरही उतरल्या आहेत. पण तोवर कुणी आतल्या आत कुढत राहू नये. १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा आणि आपल्या गावच्या आशाताईलाही द्या.