प्रादेशिक विमानसेवेचे वैमानिक : कामाचे तास आणि विश्रांतीचा हक्क

कोकणच्या दळणवळणाच्या इतिहासात ९ ऑक्टोबर २०२१ हा दिवस महत्त्वाचा मानला जातो. त्या दिवशी वेंगुर्ले तालुक्यातील चिपी-परुळे येथील सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन झाले आणि अलायन्स एअर कंपनीचे विमान मुंबईहून येऊन चिपीच्या पठारावर उतरले. मालवणच्या रहिवाशांसाठी विमान कर्ली नदीच्या पैलतीरी येऊन ठेपले. पुढे २०२४ मध्ये गोव्यात मुख्य तळ असलेल्या फ्लाय९१ कंपनीने सिंधुदुर्ग हे हैदराबाद, बंगळूर आणि पुणे या शहरांशी जोडले. दोन्ही कंपन्यांनी या मार्गांवर सुमारे सत्तर आसनांची, पंख्यांची एटीआर जातीची विमाने वापरली.

अशा छोट्या मार्गावरील प्रवाशाला कधी कधी एक वाक्य ऐकावे लागते : "वैमानिकाच्या कामाची मुदत संपल्याने उड्डाण रद्द करण्यात आले आहे." विमान समोर उभे असते, पाऊस उघडलेला असतो आणि वैमानिकही तेथेच असतो. मग अडचण कोणती, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वैमानिकाच्या कामाच्या स्वरूपात आहे.

कामाचा दिवस कसा मोजतात?

मच्छीमार नौकेच्या तांडेलाचे काम जाळे पाण्यात पडल्यावर सुरू होत नाही. त्याच्या कितीतरी आधी तो किनाऱ्यावर आलेला असतो. वैमानिकाचेही तसेच आहे. त्याचा उड्डाण-कर्तव्यकाल हा विमानतळावर हजेरी दिल्यापासून शेवटच्या उड्डाणानंतर विमान उभे राहून इंजिने बंद होईपर्यंत मोजला जातो. हवामानाचा अभ्यास, इंधनाचा हिशेब, विमानाची पाहणी आणि दोन फेऱ्यांमधील प्रतीक्षा हे सारे त्यात येते.

उदाहरणादाखल असे समजू या की, सकाळी ६ वाजता पहिले उड्डाण आहे आणि वैमानिकाने ५ वाजता हजेरी दिली आहे. दिवसभरात प्रत्येकी एक तासाची सहा उड्डाणे आहेत व दोन उड्डाणांमध्ये अर्ध्या तासाचा थांबा आहे. दुपारी अडीच वाजता काम संपेल. हवेतील तास सहा, परंतु कर्तव्याचे तास साडेनऊ होतील. पहिल्याच ठिकाणी पावसाने दोन तास खोळंबा केला तर हेच तास साडेअकरा होतात. सकाळचा विलंब पुढच्या प्रत्येक फेरीबरोबर सरकत जातो आणि शेवटची फेरी मर्यादेबाहेर पडू शकते. सकाळी एखाद्या दूरच्या शहरात पडलेल्या पावसाचा फटका दुपारी सिंधुदुर्गच्या प्रवाशाला बसतो, तो असा.

उतरण्याची गणना कशासाठी?

लांब पल्ल्याच्या विमानाचा वैमानिक एका पाळीत एकदाच उतरतो; प्रादेशिक सेवेतील वैमानिक त्याच अवधीत चार-सहा वेळा उतरतो. उड्डाण आणि अवतरण हेच प्रवासातील सर्वाधिक एकाग्रतेचे क्षण असतात. बंदराच्या तोंडाशी खडक चुकविताना तांडेलाची जी कसोटी लागते, तीच येथे दिवसातून अनेकदा लागते. त्यात कोकणातील पावसाळा म्हणजे ओली धावपट्टी, आडवा वारा आणि खाली उतरलेले ढग. म्हणूनच अवतरणांची संख्या जितकी जास्त, तितका कर्तव्यकाल कमी, असे तत्त्व नियमात स्वीकारण्यात आले आहे.

नियम काय सांगतात?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार वैमानिकाचे उड्डाण सलग ७ दिवसांत ३५ तासांपेक्षा आणि वर्षाला १,००० तासांपेक्षा अधिक होता कामा नये. उड्डाणापूर्वी किमान १२ तास, किंवा आधीचे काम त्याहून लांबले असल्यास तितके तास, विश्रांती मिळाली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर झाले व ते १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू करण्यात आले. त्यांद्वारे साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीची व्याख्या पहाटे ५ ऐवजी ६ वाजेपर्यंत वाढविण्यात आली आणि रात्रीच्या अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर आणली गेली.

या दक्षतेमागे कटू अनुभव आहे. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या पठारावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे आढळले की, मुख्य वैमानिक प्रवासात दीड तासाहून अधिक काळ झोपला होता. झोपेतून उठल्यावर राहणाऱ्या जडपणामुळे त्याच्या निर्णयशक्तीवर परिणाम झाला असावा, असे अनुमान चौकशीत काढण्यात आले. अमेरिकेत बफेलोजवळ १२ फेब्रुवारी २००९ रोजी ५० बळी घेणारा अपघात तर छोट्या पंख्यांच्या विमानालाच झाला होता. त्यानंतर तेथील वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक करण्यात आले.

वेळापत्रकात श्वास हवा

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबर या एकाच दिवशी तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. नव्या नियमांना पुरेल इतक्या वैमानिकांची तजवीज नसणे हे त्यातील प्रमुख कारण होते. कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देण्यात आली. वैमानिकांच्या संघटनांनी तिला विरोध नोंदविला. विश्रांतीचा नियम प्रवाशाची गैरसोय करीत नाही. त्या नियमाला पुरेसे मनुष्यबळ न ठेवता आखलेले वेळापत्रक ती करते, हा त्यातील धडा आहे.

छोट्या मार्गांना तो अधिक लागू पडतो. मोठ्या शहरात दमलेल्या वैमानिकाच्या जागी दुसरा मिळू शकतो. आडबाजूच्या विमानतळावर राखीव वैमानिक सहसा नसतो. म्हणून फेऱ्यांमध्ये थोडा मोकळा वेळ, मुख्य तळावर राखीव वैमानिक आणि पावसाळ्यासाठी सैल वेळापत्रक या गोष्टींवर होणारा खर्च अनाठायी म्हणता येणार नाही. प्रवाशांनी उड्डाण वेळेवर व्हावे असा आग्रह अवश्य धरावा. तो धरताना कंपनीकडे वैमानिक पुरेसे आहेत काय, हे विचारावे. थकलेल्या वैमानिकाने "आता मी उड्डाण करणार नाही" असे म्हटले, तर ते प्रवाशाच्याच हिताचे असते.