खेळाबरोबर येणारे निदण



या पानावर एरवी धानाचे रोग, खतांच्या मात्रा, ताप-खोकला आणि पिण्याचे पाणी यांची चर्चा असते. या वेळी विषय मोबाईलवरच्या खेळांचा आहे. शेतीच्या पानावर खेळ कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. बालाघाट जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरात आज धानाचा पैसा आणि मुलाचा खेळ एकाच फोनमध्ये राहतात.

धान खरेदी केंद्रावर माप झाले की रक्कम बँकेच्या खात्यात येते. किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत त्याच खात्यात येतात. खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक, बँकेचे संदेश आणि ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा गुप्त आकडा, हे सारे त्याच फोनवर येते. आणि संध्याकाळी बांधीतून परतून वडील हातपाय धुतात तोवर तोच फोन मुलाच्या हातात असतो. चार गावचे सवंगडी इंटरनेटवर जमून लढाईचा खेळ खेळतात. खेळण्यात पाप नाही. पण खेळाबरोबर फोनमध्ये काय काय उतरते, हे घरच्या कर्त्या माणसाला ठाऊक असले पाहिजे.

आपोआप उतरणे म्हणजे काय

अनेकांनी मिळून खेळायचे हे खेळ एकदा फोनमध्ये घातले की संपले, असे नसते. प्ले स्टोअर या गूगलच्या दुकानातून आधी खेळाचा सांगाडा येतो. खेळ उघडला की नकाशे, कपडे, आवाज, नव्या बंदुका अशा फाइली मागून उतरू लागतात. दर काही आठवड्यांनी नवी भर पडते. काही संगणकी खेळांत तर ज्या सर्व्हरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या यंत्रावर, खेळाडू जातो, ते यंत्रच लागणाऱ्या फाइली त्याच्या संगणकात पाठवून देते.

खेळ मूळ कंपनीचा आणि दुकान खरे असेल, तर यात सहसा वावगे काही नसते. इंटरनेटचा पॅक लवकर संपतो, इतकेच. धोका आहे तो सवयीचा. रोज काहीतरी उतरत असते आणि रोज मूल 'होय' दाबत असते. मग एके दिवशी पाहुणा म्हणून चोर आला, तरी बोट त्याच सवयीने 'होय' दाबते.

बियाण्यातला करगा

धान पिकवणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. कुणाकडून तरी आयते बी घेतले, त्यात करग्याचे दाणे मिसळलेले होते, तर रोवणीच्या वेळी काही दिसत नाही. पीक निसवेपर्यंत करगा धानासारखाच उभा असतो. लोंबी बाहेर पडली की खरा प्रकार कळतो, आणि तोवर त्याचे दाणे झडून पुढच्या वर्षाची पेरणीही झालेली असते. हिरव्या धानात हिरवा करगा ओळखू येत नाही, म्हणून शेजारच्या छत्तीसगडात जांभळ्या पानांचे धान लावून त्यातला हिरवा करगा उपटायची युक्ती निघाली.

फोनमधली वाईट फाइल अशीच असते. तिच्यावर खेळाचेच चित्र असते, नावही खेळाचेच. कधी कधी खेळ चालतोसुद्धा. पण आत बसून ती फोनवर येणारे संदेश वाचते आणि दूर कुणाला तरी पाठवते.

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातला निदणाचा दाखला आपण मिस्सेत ऐकतो. शेतात चांगले बी पेरलेले होते. माणसे झोपली असताना वैरी आला, निदण पेरून निघून गेला. आपोआप उतरणाऱ्या फाइलींचे वर्म यातच आहे. पेरणी होते ती आपले लक्ष नसताना. फरक इतकाच की दाखल्यातला धनी कापणीपर्यंत थांबायला सांगतो. फोनच्या बाबतीत कापणीची वाट पाहू नये.

असे खरेच घडले आहे

काउंटर-स्ट्राइक १.६ हा खेळ आपल्याकडच्या सायबर कॅफेंत वाढलेल्या तरुणांना चांगला आठवत असेल. मार्च २०१९ मध्ये डॉक्टर वेब या रशियन विषाणूरोधक कंपनीने एक प्रकार उघडकीस आणला. या खेळाच्या यादीत दिसणाऱ्या सुमारे ५,००० सर्व्हरांपैकी १,९५१ सर्व्हर एकाच लबाड प्रोग्रामने उभे केलेले निघाले. म्हणजे शंभरात एकोणचाळीस. खेळाडूने काही चुकीचे दाबायचीही गरज नव्हती. तो सर्व्हरवर गेला की खेळातल्या जुन्या भोकांतून फाइल त्याच्या संगणकात शिरत असे. मग त्याचाच संगणक खोटे सर्व्हर दाखवून पुढच्या खेळाडूंना ओढू लागे. पैसे घेऊन काही सर्व्हरांकडे गर्दी वळवायची, हा सारा त्यामागचा धंदा होता.

जुलै २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटी या मालिकेतल्या २००९ सालच्या एका खेळात असाच संसर्ग पसरला. खेळाडू जेथे एकत्र जमतात त्या जागेतूनच तो एका संगणकातून दुसऱ्यात जात होता. कंपनीला त्या खेळाची ऑनलाइन सोय काही काळ बंद करावी लागली. दोन्ही खेळ जुने होते. जुन्या घराच्या भिंतीला उंदीर भोके पाडतात. भोक बुजवणारा कोणी नसेल तर धान्य राहत नाही. धर्मग्रामाच्या सभागृहात किंवा शाळेत जुना संगणक असेल, तर त्यावर असे जुने खेळ घालू नयेत.

आपल्याकडे चोर कोणत्या दाराने येतो

आपल्या गावात संगणकापेक्षा फोन जास्त, म्हणून आपले दार वेगळे आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यात पबजी होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवरही बंदी आली. दुकानातून खेळ गेले, पण मुलांच्या मनातून गेले नाहीत. मग ते एपीके नावाच्या फाइलींतून हातोहात फिरू लागले. एपीके म्हणजे दुकानाला वळसा घालून फोनमध्ये ॲप घालण्याची पुडी. 'फुकट डायमंड मिळतील', 'शत्रू भिंतीआडही दिसेल', अशी आमिषे दाखवून अशाच पुड्या मुलांना दिल्या जातात.

मोठ्यांसाठी आमिष निराळे, पुडी तीच. किसान सन्मान निधीचा हप्ता अडकला आहे, वाहनाचा दंड भरायचा आहे, असे सांगत अशा फाइली वॉट्सॲपवर फिरल्या आहेत. लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या फाइलींबद्दल हिमाचल प्रदेश पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये इशारा दिला होता.

आणि हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी छापा घातला तो आपल्या शेजारच्या गोंदियात. वॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून खाते उघडले आणि ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेले, अशी नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती. छाप्यात कोट्यवधींची रोकड आणि सोने सापडले. ते प्रकरण फाइलीचे नव्हते, जुगाराचे होते. दार मात्र तेच, बाहेरून आलेला दुवा. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. तेव्हा असा खेळ कोणी दुव्यावरून देऊ करत असेल, तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

एक दिलासाही आहे. साध्या फोनवर एपीके नुसती उतरली म्हणून बहुधा नुकसान होत नाही. ती उघडावी लागते, 'इन्स्टॉल' दाबावे लागते आणि परवानग्या द्याव्या लागतात. म्हणजे घराला तीन दारे आहेत आणि तिन्हींच्या कड्या आपल्या हातात आहेत.

काय करावे

१. खेळ फक्त प्ले स्टोअरमधून घ्यावा. तेथे 'प्ले प्रोटेक्ट' ही राखण चालू आहे का, ते पाहावे.

२. फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे' ही परवानगी असते. वॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम या प्रत्येकासाठी ती बंद ठेवावी. सर्वांत मोठे दार हेच.

३. वॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' येथे जाऊन फोटो, व्हिडिओ व कागदपत्रे आपोआप उतरणे बंद करावे. पॅकही वाचेल.

४. खेळाने एसएमएस वाचण्याची किंवा 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागितली तर देऊ नये. पहिलीने ओटीपी वाचता येतो. दुसरीने पडद्यावरचे सारे दिसते आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. बंदूक चालवण्याच्या खेळाला बँकेचा संदेश कशाला हवा?

५. जमल्यास बँकेला जोडलेले सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवावे आणि तो आई-वडिलांजवळच असावा. बियाण्याची कणगी आणि खाण्याची कणगी आपण वेगळी ठेवतो, तसेच हे.

६. फोनचे आणि खेळाचे अधिकृत अपडेट मात्र टाळू नयेत. भोके बुजतात ती त्यानेच. वाय-फाय नसेल तर पॅक पाहून आठवड्यातून एकदा करावेत.

नुकसान झालेच तर

पहिले काम, फोनचे इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेला सांगून खाते थांबवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. जितके लवकर कळवाल, तितका तो वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. आलेले संदेश पुसू नयेत, तो पुरावा आहे. पिन नेहमी दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदलावा. नंतर जाणकाराकडून फोन पूर्ण रिकामा करून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी बँकांना दिलेल्या सूचनांतही ग्राहकाने किती दिवसांत कळवले, याला मोठे महत्त्व दिले होते. 'उद्या पाहू' म्हणू नये.

मुलांशी बोलावे

शेवटची गोष्ट घराच्या आरोग्याची. फाइल उघडली आणि काहीतरी विचित्र झाले, हे सर्वांत आधी मुलालाच कळते. मार बसेल या भीतीने ते गप्प राहिले, तर वडिलांना पासबुक भरतानाच समजते. तोवर धानाचे पैसे गेलेले असतात. म्हणून मुलाला आधीच सांगून ठेवावे, 'चुकून काही उघडलेस तर त्याच क्षणी मला सांग, मी रागावणार नाही.' आणि तो सांगायला आला की दिलेला शब्द पाळावा. निदण दिसताच जो हाक मारतो, तो शेताचा राखणदारच.

या रविवारी मिस्सेनंतर घरी गेल्यावर फोन हातात घ्यावा, मुलाला शेजारी बसवावे आणि वरची दुसरी व तिसरी सूचना त्याच्याकडूनच करून घ्यावी. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. शेजारच्या ज्या म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही, त्यांच्या फोनवरही तरुणांनी तेवढे करून द्यावे.