पेटीच्या तळातलं ब्राउनिंग

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगिजांनी तो 1730 च्या सुमारास बांधायला घेतला, 1737 साली मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. याच भिंतींआड 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. त्यांची नावं आपल्याला ठाऊक असतात. कलेक्टर जॅक्सनच्या ज्या खुनासाठी ते फासावर गेले, तो ज्या हत्याराने झाला त्याची कुळकथा सहसा कुणी सांगत नाही.

आधीचा जमाना रिव्हॉल्व्हरचा. स्मिथ अँड वेसनने 1870 च्या दशकात रशियन सरकारला हजारोंनी विकलेली रिव्हॉल्व्हरं सिंगल ॲक्शन होती. दर बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप. सहा गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यामुळे पोट फुगीर.

बेल्जियममधल्या हेर्स्तालची एफएन कंपनीही सरकारी मागणीवरच उभी राहिली. 1889 साली निघाली ती सैन्यासाठी दीड लाख माउझर रायफली बनवायला. तिथेच घडवलेलं, अमेरिकन जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचं पिस्तूल 1900 साली बेल्जियन सैन्याने स्वीकारलं. मुठीत 7.65 मिलिमीटरच्या सात गोळ्या. एक सुटली की तिच्याच धक्क्याने रिकामं काडतूस बाहेर पडे, नवी गोळी आत सरके. नळीवर बसवलेली एकच स्प्रिंग मागे गेलेला भाग पुढे आणी आणि गोळीवर आघातही करी. म्हणून हत्यार आटोपशीर, चपटं.

हा चपटेपणा ब्राउनिंगच्या पुढच्या पिस्तुलांतही उतरला आणि अधिकाऱ्याच्या कमरेइतकाच तो चोरवाटेलाही सोयीचा ठरला. 1878 च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येत नव्हतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर वीस ब्राउनिंग पाठवली, पेटीच्या चोरतळात दडवून. 1909 च्या मार्चमध्ये ती मुंबईला उतरली.

त्याच वर्षी 21 डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन बदलीवर निघाले म्हणून ‘शारदा’चा प्रयोग ठेवला होता. तिथे अठरा वर्षांच्या आतबाहेरच्या कान्हेऱ्यांनी त्या वीसांतल्याच एका ब्राउनिंगने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

पुढे पेटीचा माग लंडनपर्यंत लागला आणि 1911 च्या जानेवारीत सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली. नाशिकला चाप ओढला तो एकट्या कान्हेऱ्यांनी. कर्वे आणि देशपांडे तयारीत होते, त्यांच्यावर ती वेळ आली नाही. ठाण्यात फास मात्र तिघांना मिळाला.